शाळा आम्हालाही सुरू हवीय, पण सगळं मास्तरच्याच गळ्यात का?

जानेवारी २०२२

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी लिहिलं होतं की शिक्षकांना शाळा नकोच आहेत, दोन वर्षं घरी बसून फुकटचा पगार खाल्ला, आता कोरोनाच्या ओमायक्रॉन लाटेमुळे शाळा परत बंद झाल्या, तेच निमित्त मिळालं, चंगळ आहे यांची. ते पत्र व्हाट्सअपवर पण खूप फिरलं, आमच्या केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर तर एका दिवसात पाच-सहा जणांनी टाकलं. मी शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. भांडायला लिहीत नाहीये, पण एक गोष्ट साफ व्हायला पाहिजे. शाळा बंद ठेवा असं निदान माझ्या ओळखीतल्या एकाही शिक्षकाने म्हटलेलं नाही. आम्ही म्हटलं शाळा उघडा, उघडताना जे लागेल ते द्या, आणि आदेश काय असेल तो कागदावर द्या. एवढं मागणं जर कामचुकारपणा असेल तर मग बोलणंच खुंटलं.

पगाराचं आधी मिटवून टाकू. मार्च २०२० चा पगार आम्हाला ७५ टक्केच मिळाला होता, उरलेला नंतर दिला, ते ठीक आहे, सरकारची पण अडचण होती. पण विनाअनुदानित शाळांमध्ये जी पोरं-पोरी शिकवतात त्यांना विचारा, कोणाचा पगार निम्मा झाला, कोणाला संस्थेने सांगितलं की फीच येत नाही तर तुम्हाला कुठून द्यायचं. माझ्या ओळखीतले एक सर इंग्लिश मीडियमला गणित शिकवायचे, ते त्या उन्हाळ्यात हातगाडीवर केळी विकत होते. शिक्षक म्हटला की सरकारीच असणार आणि गलेलठ्ठ पगारवालाच असणार असं धरून लिहिलं की असं होतं.

आता "घरी बसून" म्हणजे काय ते सांगते. मे २०२० मध्ये आमच्याकडच्या आग्रा रोडने जो लोंढा गेला तो ज्याने बघितला तो विसरणार नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या रिक्षा थेट यूपीला निघालेल्या, ट्रकच्या टपावर माणसं, बाकीचे पायी, पळासनेरच्या पुढे एमपीची हद्द लागते तिकडे. नाक्यावर पोलीस होते, आरोग्यवाले होते आणि नाव-गाव-गाडी नंबर रजिस्टरला लिहायला आमचे शिक्षक होते. त्यातल्या एका सरांचा मास्क म्हणजे बायकोने जुन्या साडीचा शिवून दिलेला, सॅनिटायझर स्वतःच्या पैशाने घेतलेलं, आणि वरून रात्रपाळी. कोणी रेशन दुकानावर गर्दी आवरायला, कोणी तांदूळ-डाळ मोजून पोरांच्या घरी पोचवायला, कारण शाळेतली खिचडी बंद झाली होती आणि कोरडा शिधा वाटायचा होता. आमच्या शाळेच्या खोल्या तर सुरतहून परत आलेल्या मजुरांना विलगीकरणासाठी दिल्या होत्या, तेव्हा शाळेची चावी असलेली मी, म्हणजे पाणी संपलं, लाईट गेली, कोणाचं पोरगं रडतंय, सगळे फोन मलाच.

मग सप्टेंबरात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" आलं. एका पथकाने दिवसाला ५० घरं, हातात ऑक्सिमीटर आणि ताप मोजायची गन. दारात गेलं की म्हाताऱ्या बोटच पुढे करायच्या नाहीत, एक आजी मला अहिराणीत सरळ बोलली, "हाई मशीन लायं का दवाखानामा लई जातस, मी नही लावाव." तिची समजूत काढून, हसवून, तिच्या नातवाच्या अभ्यासाचं विचारून मग बोट पुढे यायचं. हे काम आशाताई आणि शिक्षक यांच्याशिवाय कोणाला जमलं असतं सांगा, कारण गावात प्रत्येक घरातलं पोरगं आमच्या हाताखालून गेलंय, लोक आम्हाला ओळखतात. म्हणून आम्हाला पाठवलं त्याबद्दल तक्रार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात शिक्षकाला बिगर-शैक्षणिक कामं देऊ नयेत असं आहे, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांचा अपवाद तिथेच लिहिलाय. महामारी म्हणजे आपत्तीच. कायदा आम्हालाही कळतो.

तक्रार दुसरीच होती. ड्यूटी लागायची कशी, तर ग्रुपवर मेसेज, "उद्या सकाळी ७ वाजता हजर राहावे, गैरहजर राहिल्यास आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली कारवाई." कधी नुसता फोन. कागद नाही, जावक नंबर नाही, कोणाची सही नाही. पहिले काही दिवस कोणी लक्ष दिलं नाही, सगळीच धावपळ होती. पण कोविड ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्याला काही झालं तर घरच्यांना ५० लाखांचं कवच असं शासनाने जाहीर केलं होतं, आणि त्यासाठी कागद लागतो की हा माणूस त्या तारखांना ड्यूटीवर होता. आमच्या ओळखीतले एक सर दुसऱ्या लाटेत गेले. नाव लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. त्यांच्या मिसेसनी ड्यूटीचा पुरावा म्हणून काय जोडलं माहितेय का, त्यांच्या मोबाईलमधले ग्रुपचे स्क्रीनशॉट प्रिंट काढून. फोन लॉक होता, पासवर्ड मुलीला माहीत होता म्हणून निघाले तरी. ते घेऊन बाई या टेबलावरून त्या टेबलावर, कोण म्हणे यावर सही नाही, कोण म्हणे मूळ आदेश आणा. मूळ आदेश होताच कुठे?

तेव्हापासून आमच्या भागातल्या शिक्षकांनी एकच रट लावली, लेखी द्या. साहेब लोकांना त्याचा राग यायचा, एका मीटिंगमध्ये ऐकून घेतलं आम्ही की "तुम्ही लोक महामारीत पण कागद मागता." हो मागतो. कारण हा आजार असा आहे की माणूस सोमवारी ड्यूटी करतो, शुक्रवारी अंग दुखतं, पुढच्या आठवड्यात ऑक्सिजन लागतो आणि तीन आठवड्यांनी जातो. मग तो मृत्यू ड्यूटीवरचा धरायचा की घरचा? हा वाद युपीत उघड उघड झाला. एप्रिल २०२१ मध्ये तिथे पंचायत निवडणुका घेतल्या, शिक्षक संघटनेने १६२१ जणांची यादी दिली की हे निवडणुकीच्या ड्यूटीनंतर गेले, आणि सरकारने आधी सांगितलं तीन. फक्त तीन. कारण नियमात घरून निघून परत येईपर्यंतचाच मृत्यू धरला होता. खूप ओरड झाल्यावर नियम बदलला आणि ड्यूटीनंतर ३० दिवसांपर्यंतचे मृत्यू धरले. ती ओरड संघटनेने केली नसती, नावानिशी यादी केली नसती, तर आकडा तीनच राहिला असता ना. मला जे कोणी विचारतं की शिक्षकांच्या संघटना कशाला पाहिजेत त्यांना मी आता हेच सांगते.

(मध्येच एक. ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला ऑनलाईन कार्यक्रमात एका वक्त्याने आम्हाला सांगितलं की माईंनी प्लेगच्या पेशंटला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं, त्यातच १८९७ ला त्या गेल्या, तुम्ही ड्यूटीला घाबरता काय. माईंचं नाव घेतलं की आम्ही गप्प बसू असं वाटत असेल. पण त्या पेशंटला नेत होत्या तो दवाखाना यशवंतरावांनी, त्यांच्या मुलाने, त्याच साथीसाठी उभा केला होता. आधी दवाखाना होता. आम्हाला साधे मास्क नव्हते.)

आता शाळा सुरू करण्याचं. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावी उघडायचं ठरलं तेव्हा शिक्षकांची आरटीपीसीआर (कोरोनाची चाचणी) सक्तीची केली, ते चांगलंच केलं, बऱ्याच ठिकाणी लक्षणं नसलेले शिक्षक पॉझिटिव्ह निघाले, तसेच वर्गात गेले असते तर काय झालं असतं. पण त्याच्यासोबत जी लांबलचक नियमावली आली ती वाचून असं वाटलं की लिहिणाऱ्याने खेड्यातली शाळा शेवटची कधी पाहिली असेल. वर्ग निर्जंतुक करा, हात धुवायची सोय करा, एका बाकावर एक विद्यार्थी, गन ठेवा, पालकांचं संमतीपत्र घ्या. आणि खर्च? स्थानिक पातळीवर. म्हणजे ग्रामपंचायतीने करावं. ग्रामपंचायत म्हणते आमच्याकडे निधी नाही, वरून कळवा. वरचे म्हणतात शाळेच्या अनुदानातून करा. शेवटी सही कोणाची, तर मुख्याध्यापकाची, की "सर्व उपाययोजना करण्यात आल्या आहेत." उद्या एखादं पोर आजारी पडलं तर तोच कागद त्याच्यासमोर धरणार.

आमच्याकडे निर्जंतुकीकरण कसं झालं ते सांगते. १ डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागातली पहिली ते चौथी उघडणार होती. आमच्या शाळेला शिपाई नाही, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना तो बहुतेक नसतोच. दोन शिक्षक, चार वर्ग. फवारणीसाठी पंप पाहिजे तर गावातल्या एका शेतकऱ्याने कपाशीवर औषध मारायचा पाठीवरचा पंप दिला. त्याच्यात महिन्याभरापूर्वी कोणतं औषध होतं ते त्यालाही नक्की आठवेना. मग आम्ही दोघांनी तो पंप हापशाखाली धुतला, साबणाच्या पाण्याने, परत साध्या पाण्याने, परत साबणाने, नोझल काढून काडीने साफ केलं, तरी वास जाईना. शेवटी सर म्हणाले मॅडम राहू द्या, ज्या बाकावर सहा-सात वर्षांचं लेकरू हात ठेवणार आणि तोच हात तोंडात घालणार तिथे हे नको मारायला. बादलीत हायपोक्लोराईट कालवून फडक्याने बाकं पुसली आम्ही, सरांनी आणि मी, हातात प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. फवारणी करतानाचा फोटो मात्र ग्रुपवर टाकायचाच होता, तर त्याच पंपात नुसतं पाणी भरून व्हरांड्यात फोटो काढला. आता कारवाई करायची तर करा बापा.

आणि खरं सांगायचं तर या फवारणीचा एवढा गाजावाजाच चुकीचा होता. आता सगळेच तज्ज्ञ सांगतात, डब्ल्यूएचओने पण २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलं, की हा विषाणू हवेतून पसरतो, बंद कोंदट खोलीत जास्त. म्हणजे बाक पुसण्यापेक्षा खिडकी उघडी पाहिजे. आमच्या दोन वर्गखोल्यांच्या चार खिडक्यांपैकी तीन गंजून जाम झालेल्या, कित्येक पावसाळ्यांत कोणी उघडल्या नव्हत्या, एकीच्या झडपा वानरांच्या त्रासामुळे तारेने बांधून टाकलेल्या. वेल्डरला बोलावलं, त्याने बिजागऱ्या कापून नवीन लावल्या, जाळी बसवली, पैसे लोकवर्गणीतून, म्हणजे निम्मे गावाचे निम्मे आमचे. त्या खर्चाचं खातं कुठल्याच नियमावलीत नाही. गन घ्या म्हणून सांगणारे दहा जण, पण खिडकी उघडते का हे विचारायला आजवर एकही आला नाही. तपासणीला येतात ते गन चालू करून स्वतःच्या कपाळाला लावून बघतात आणि जातात.

दोन शिक्षकी शाळेत अजून एक गंमत. अर्धी मुलं एक दिवस, अर्धी दुसऱ्या दिवशी असं करा म्हणतात. करू. पण त्यातला एक शिक्षक जर लसीकरणाच्या नोंदीला किंवा सर्व्हेला गेला तर चार वर्ग एकटीने, मग अंतर कुठलं आणि काय. एकाच वेळी शिक्षक शाळेत पण पाहिजे आणि ड्यूटीवर पण पाहिजे, हे गणित आम्हाला तरी सुटलेलं नाही.

आता कोणी म्हणेल एवढ्या अडचणी आहेत तर बंदच बरी. नाही हो. बंद शाळेने आमच्या पोरांचं जे नुकसान केलं ते आम्ही रोज बघतोय. जून २०२० ला ज्या पोराचं नाव पहिलीत घातलं ते पहिल्यांदा वर्गात बसलं डिसेंबर २०२१ मध्ये, दुसरीत. त्याला पाटीवर रेघ सरळ येत नाही आणि पुस्तक दुसरीचं. आमच्या पाड्यांवरची मुलं घरी पावरी ही आदिवासी भाषा बोलतात, मराठी त्यांना शाळेतच मिळते, ती मिळालीच नाही. "शाळा बंद पण शिक्षण सुरू" म्हणून वरून रोज लिंक यायच्या, दीक्षा ॲप होतं, सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम चांगला लागायचा, मला स्वतःला ते आवडलं, पण ज्या घरात टीव्ही नाही आणि मोबाईल एकच, तो पण बाप कामावर घेऊन जातो, तिथे काय. आमचे सर मोटरसायकलवर पाड्यावर जाऊन निंबाच्या झाडाखाली मुलं बसवायचे, तेही दुपारी दोनच्या आत उरकावं लागे, मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडचं ऊन काय असतं ते खान्देशच्या माणसाला सांगायला नको. मोठ्या पोरी कापूस वेचायला लागल्या, किलोवर पैसे मिळतात, आता त्या परत बसायला लाजतात. सातवी-आठवीतल्या दोघी-तिघींची लग्नं लागली असं कानावर आलं, विचारायला गेलो तर घराला कुलूप, सगळे गुजरातला कामाला गेलेले. आणि आया रस्त्यात अडवून विचारतात, "मॅडम, शाळा कवय उघडशात? पोऱ्या घरमा बठी बठीसन येडा व्हयना." काय उत्तर देऊ मी त्यांना? बाजार भरतोय, लग्नं होताहेत, दारूची दुकानं तर मे २०२० मध्येच उघडली, पोरांची शाळा तेवढी बंद. लोकांचा हा राग बरोबर आहे आणि आमचाही तोच आहे.

म्हणून आत्ताचा, १५ फेब्रुवारी २०२२ पर्यंत शाळा बंद ठेवायचा, सगळ्या राज्याला एकच नियम मला पटलेला नाही. पुण्या-मुंबईला पेशंट वाढले म्हणून सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा बंद. जुलै २०२१ मध्ये याच राज्य सरकारने चांगला निर्णय केला होता, गावात महिनाभर पेशंट नसेल, सरपंचाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बघितलं, ग्रामपंचायतीने ठराव केला, पालक तयार असतील, तर आठवी ते बारावी सुरू करा. आमच्या गावातलं हायस्कूल तसं सुरू झालं. समितीची मीटिंग झाली तेव्हा गावातले लोक शाळेत आले, संडासात पाणी नाही हे त्यांनी स्वतः बघितलं, आणि पुढच्याच आठवड्यात टाकी बसली. वर्षानुवर्षं आम्ही अर्ज करत होतो त्याला कोणी विचारत नव्हतं. जबाबदारी वाटली गेली की काम होतं हे मला तिथे दिसलं. तोच नियम आता पहिलीपासून लावा. पेशंट निघाला तर तेवढी शाळा आठ-दहा दिवस बंद ठेवा, परत उघडा. आणि समितीत शिक्षकाला नुसतं सही करायला नको, त्याने सांगितलं की खोली कोंदट आहे, मुलं झाडाखाली बसवतो, तर ते ऐका.

लसीचं पण असंच झालं. आम्ही पहिल्यापासून म्हणत होतो की शिक्षकाला फ्रंटलाईनमध्ये धरा, घरोघर फिरतोय, नाक्यावर उभा आहे. नाही धरलं. वय बसेल तसे आम्ही सगळ्यांसोबत रांगेत लागलो, ज्यांचं वय कमी ते १ मे २०२१ नंतर, आणि तोपर्यंत दुसरी लाट येऊन अर्धा कहर करून गेली होती. मग ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने दोन कोटी जादा डोस काढले की ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनाआधी सगळ्या शिक्षकांना लस द्या. दिली, आभारी आहोत. पण तेच फेब्रुवारीत केलं असतं तर आज काही घरांमध्ये फोटोला हार नसता. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वर्षांच्या मुलांचं लसीकरण सुरू झालंय, त्यात पण हायस्कूलचे शिक्षकच पालकांना समजावत फिरताहेत, कारण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने नाही, गुर्जी म्हणाले म्हणून लोक पोराला पाठवतात.

मागण्या म्हणाल तर मोठ्या नाहीत. ड्यूटीचा आदेश लेखी. जे गेले त्यांच्या विम्याच्या फाईली निकाली काढा, स्क्रीनशॉट चालत नसेल तर ज्या साहेबांनी मेसेज टाकला त्यांनीच आता सहीचं पत्र द्यावं. सफाईला दोन-चार शाळा मिळून एक माणूस, मानधनावर का होईना. आणि अनुदान वेळेवर. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १० हजार आहे, १०० पर्यंत २५ हजार, त्यातला काही भाग स्वच्छतेला वापरायचा असतो. त्याच्यातच लाईट बिल, खडू, रजिस्टर, दुरुस्ती, आता साबण, मास्क, हायपोक्लोराईट. आणि हे पैसे आमच्या खात्यावर येतात वर्ष संपता संपता, मग ३१ मार्चच्या आत खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र द्या म्हणून रोज फोन. आमच्याकडे आत्ता साबण गावातल्या किराणा दुकानातून उधारीवर चालू आहे, दुकानदार चांगला माणूस आहे, त्याची नात दुसरीत आहे म्हणून बोलत नाही. ते अनुदान यंदा निदान जानेवारीतच सोडता आलं तर शाळा उघडायच्या आधी उधारी फिटेल आणि चौथी खिडकी पण करून घेता येईल.

आपली,
एक जि.प. शिक्षिका
ता. शिरपूर, जि. धुळे
(नाव छापू नये ही विनंती)